जुन्या मियाटाचं कूलंट बदललं, आता हीटर गार हवा फेकतोय. काय राहिलं?

तिसरागिअर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण खरंच अडकलोय. शिकागोच्या पश्चिमेला राहतो. माझ्याकडे १९९९ ची माझदा एमएक्स-५ आहे, अमेरिकेत हिला सगळे मियाटाच म्हणतात. दोन सीट, कापडी टप, १.८ लिटरचं इंजिन, मॅन्युअल गिअर. ही गाडी जगाला पहिल्यांदा दाखवली ती पण इथेच, शिकागो ऑटो शोला, फेब्रुवारी १९८९ मधे. माझी दुसऱ्या पिढीतली, म्हणजे जिचे दिवे वर उघडत नाहीत ती. गेल्या वर्षी एका आजोबांकडून घेतली, त्यांनी जिवापाड जपलेली, पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, शेवटचं कधी बदललं ते त्यांनाही आठवत नव्हतं. पावत्यांची फाईल दिली त्यात ऑईल, टायर, बॅटरी सगळं सापडलं, कूलंटची एकही पावती नाही.

मागच्या आठवड्यात गार इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडून बघितली तर आतलं पाणी पन्ह्यात माती कालवल्यासारखं दिसत होतं, आणि कॅपच्या रबराला खालून तपकिरी चिकट थर. हिवाळा तोंडावर आलाय म्हणून ठरवलं की हे आपणच करायचं, कारण मागे दुसऱ्या गाडीचं एका गॅरेजला दिलं होतं तर त्यांनी नुसती रिझर्व्ह बाटली उपसून नवीन रंग भरून दिला आणि फ्लशचे, म्हणजे सगळं धुऊन काढण्याचे, पैसे लावले. तेव्हापासून मनात होतं.

तर शनिवारी सकाळी गाडी जॅकस्टँडवर घेतली. खालचा प्लास्टिकचा ट्रे १० च्या बोल्टांवर असतो, तो काढला. रेडिएटरच्या तळाला ड्रेनचा कॉक प्लास्टिकचा, पंचवीस वर्षांचा, त्यामुळे पक्कड न लावता हातानेच दमादमाने सैल केला. आधी कॅप बंद होती तेव्हा नुसती करंगळीएवढी धार, वर जाऊन कॅप काढल्याबरोबर भळाभळा आलं. खाली खुणा केलेली बादली ठेवली होती, मोजलं, साडेतीन लिटर. पुस्तकात तर सहा लिटर लिहिलंय. उरलेलं अडीच लिटर इंजिनच्या ब्लॉकमधे आणि हीटरच्या कोअरमधे (केबिनची हवा तापवणारी छोटी जाळी) अडकून राहतं हे वाचलं होतं. ब्लॉकचा ड्रेन बोल्ट शोधला, पाना लावला पण जाम बसलेला, डोकं गोल व्हायची भीती वाटली म्हणून सोडून दिला.

मग डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत चालवून, दोन-तीन तास गार करून परत काढायचं, असं तीनदा केलं. त्यात रविवारपण गेला. तिसऱ्यांदा आलेलं पाणी जवळपास स्वच्छ होतं, काचेच्या बरणीत धरून खिडकीपाशी बघितलं, फार बरं वाटलं. शेवटी अर्धंअर्धं तयार मिसळलेलं कूलंट येतं त्याचा गॅलनचा डबा ओतला, एशियन गाड्यांचं, फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं. कॅप लावली, चालू केली.

आता प्रॉब्लेम असा की जागेवर इंजिन चालू असताना हीटर गार हवा फेकतोय, रेस केली की जरा कोमट होते आणि सोडली की परत गार. डॅशबोर्डच्या मागून ओढ्यातलं पाणी वाहावं तसा खळखळ आवाज येतो. काटा मात्र अगदी मधोमध, जिथे नेहमी असतो तिथेच, म्हणून इंजिन गरम होतंय असं वाटत नाही. उद्या सोमवारी ऑफिसला न्यायचा विचार आहे, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. नेऊ का? का हीटर कोअर तुंबला असेल?

—

कोल्हापुरी_पाना

नेऊ नका. आधी हे, बाकीचं मग. हलवूच नका गाडी.

हीटर कोअर तुंबला असता तर रेस करून पण फारसा फरक पडला नसता. तुमच्याकडे रेस केल्यावर कोमट येतंय आणि खळखळ वाजतंय म्हणजे आत हवा अडकलीय, एअर लॉक झालाय. हीटरच्या नळ्या इंजिनच्या मागच्या बाजूने वर फायरवॉलला जातात, हवा तिथेच जाऊन बसते. पंप जोरात फिरला की थोडं पाणी ढकललं जातं, मंद झाला की हवेपुढे त्याचं चालत नाही.

आणि काट्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. त्या काळापासून बऱ्याच कंपन्यांनी काटा असा करून ठेवलाय की मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरं म्हणजे सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं सांगतो. भोवती हवा किंवा वाफ असली तर तो कमीच दाखवणार आणि तिकडे हेड भाजत असणार. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे पण हेड ॲल्युमिनियमचं. एकदा वाकलं की हेड खोला, फेसिंग करा म्हणजे घासून सपाट करा, गॅस्केट टाका, सगळं आलं. मी लाईनमधे चाळीस वर्षं काढली, कूलंट संपून मेलेली इंजिनं कमी बघितली, कूलंट बदलून हवा न काढल्यामुळे मेलेली जास्त.

आता मला सांगा, शेवटी डब्यातलं किती लिटर आत गेलं? नीट मोजून सांगा.

—

निळीशाई

वाचतेय. मला गाड्यांमधलं काही कळत नाही पण पन्ह्यात माती लगेच डोळ्यासमोर आली. पाना काका, तुम्ही लिहीत राहा, माझे बाबा पद्मिनी घेऊन बोरघाट चढायचे तेव्हा शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून थांबायचे आणि आम्ही पोरं कळशी धरून उभी, ते का व्हायचं ते मला आज थोडं कळतंय.

—

तिसरागिअर

पाना काका, धन्यवाद, गाडी हलवत नाही. उद्या ट्रेनने जातो.

डबा आत्ता मोजला. गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, त्यातलं एक लिटर आणि वर थोडं उरलंय, म्हणजे आत गेलं फक्त २.७ च्या आसपास. काढलं होतं साडेतीन. लिहितानाच लक्षात आलं. आठशे मिली हवा आहे आत.

—

कोल्हापुरी_पाना

बरोबर, तुमचं उत्तर तुमच्या डब्यातच होतं. जेवढं काढलं तेवढं परत गेलंच पाहिजे, कमी गेलं तर उरलेल्या जागेत हवा, दुसरं काही असूच शकत नाही. म्हणून मी पोरांना पहिल्या दिवसापासून बादलीवर खुणा करायला लावायचो, तुम्ही न सांगता केल्या हे फार चांगलं केलं.

आता हवा अशी काढा. इंजिन पूर्ण गार असताना गाडीचं नाक वर करा, पुढची चाकं रॅम्पवर घ्या, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच जागा होईल आणि हवेला वर यायला एकच वाट राहील. तोंडावर घट्ट बसणारं मोठं फनेल मिळतं ते लावा आणि ते अर्धं भरून ठेवा. हीटर फुल गरमवर, पंखा मंद. इंजिन चालू करा आणि वरचा होजपाईप हातमोजा घालून दाबत सोडत राहा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, मग थर्मोस्टॅट उघडला की फनेलमधलं पाणी एकदम खाली जाईल, तेव्हा घाबरायचं नाही, भरत राहायचं. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत घाई करू नका. यात तास-दीड तास सहज जातो. बुडबुडे थांबले, हीटरची हवा जागेवरच चटका देणारी आली, मग समजा झालं.

बुडबुडे थांबतच नसतील, बारीक बारीक सतत येत राहिले, तर मात्र इंजिन बंद करा आणि इथे लिहा. ती हवा नसते, हेड गॅस्केटमधून येणारा गॅस असतो. त्याची टेस्ट मिळते, निळं पाणी असतं, रेडिएटरच्या तोंडावर धरायचं, गॅस लागला की पिवळं पडतं. ऑईलची कॅप पण उघडून बघा, आत दुधाळ चिकटा नाही ना.

आणि गरम असताना कॅप उघडायची नाही, कधीच नाही, फडकं धरून पण नाही. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जो डाग आहे तो अठराव्या वर्षीचा आहे. ॲम्बेसेडर होती, मालक घाईत होता.

—

श्टुटगार्टकर

पाना काकांचं वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. माझ्याकडे पोर्शची बॉक्सस्टर आहे, ९८६, म्हणजे बॉक्सस्टरची पहिली पिढी, पाण्यावर थंड होणारी. ९११ तर १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत हवेवरच थंड व्हायची, तिला हा विषयच नव्हता. बॉक्सस्टरमधे इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पार पुढे, बंपरच्या आत डावीकडे उजवीकडे, मधे गाडीच्या पोटाखालून लांबच्या लांब पाईप. पाणी मियाटाच्या दुपटीहून जास्त मावतं, आणि एवढ्या लांब आडव्या पाईपमधली हवा नाक वर करून निघत नाही.

म्हणून मी व्हॅक्यूमने भरतो. टाकीच्या तोंडावर रबरी कोन बसतो, त्याला काँप्रेसर जोडायचा, तो आतली हवा ओढून घेतो. बघण्यासारखं असतं ते, जाड जाड होजपाईप आपोआप चपटे होत जातात. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं नुसतं थांबायचं आणि गेजचा काटा बघायचा. काटा हलला नाही तर कुठेही गळती नाही, हलला तर भरायच्या आधीच कळलं. मग दुसरी नळी कूलंटच्या कॅनमधे सोडायची की व्हॅक्यूम स्वतःच सगळं आत खेचतो. मियाटाला याची गरज नाही, पण ज्यांचं इंजिन मधे किंवा मागे आहे त्यांनी याच्याशिवाय हात लावू नये असं मी मनापासून सांगेन. पहिल्या वेळी मी फनेलने भरलं होतं आणि आठवडाभर रोज सकाळी थोडं थोडं घालत बसलो होतो.

रंगाबद्दल पण लिहितो कारण त्याने फार घोळ होतो. रंग हा नुसता रंग आहे, तो कुठल्याही नियमाने ठरलेला नाही. हिरवं म्हणजे जुनं आणि गुलाबी म्हणजे नवीन असं काही नसतं. डब्यावरचा कोड बघायचा, इकडे जी-११, जी-१२, जी-१३ असे असतात. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळतात कारण इथलं नळाचं पाणी जड, फॉस्फेटबरोबर थर धरतं. जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, वॉटर पंपच्या सीलला घासतं म्हणून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. चुकतं ते दोन्ही एकत्र ओतणाऱ्याचं, कारण मग दोघांचे गंजरोधक एकमेकांना संपवतात आणि कधी कधी गाळ धरतो. तिसरागिअरच्या गाडीत जो तपकिरी चिकटा होता तो बहुतेक असाच कोणीतरी केलेल्या मिसळीचा असणार.

—

रसायनशाळा

सगळे हवेबद्दल बोलतायत ते बरोबरच आहे, पण मला वेगळीच काळजी लागलीय. तिसरागिअर, तुम्ही पाण्याने तीनदा धुतलंत, मग शेवटी साडेतीन लिटर काढलंत, म्हणजे आत अडीच लिटर जवळजवळ शुद्ध पाणीच राहिलं ना? आणि त्यावर तुम्ही ओतलंत अर्धंअर्धं तयार मिसळलेलं. मग हे गणित बघा.

आधी धुण्याचं. सहातलं अडीच राहतं म्हणजे दरवेळी जुनं ४२ टक्के उरतं. पहिल्या धुण्यानंतर ४२, दुसऱ्यानंतर १७, तिसऱ्यानंतर ७. म्हणून तीनदा धुणं पुरेसं आहे, ते तुम्ही अगदी योग्य केलंत. पण आता भरताना साडेतीन लिटर तयार कूलंट पूर्ण गेलं असं धरलं तरी त्यात ग्लायकॉल (कूलंटमधला गोठू न देणारा द्रव) पावणेदोन लिटर, जुन्यातलं किंचित धरून सहा लिटरमधे फार तर ३० टक्के होतं. तुम्हाला वाटतंय ५० आहे. ५० टक्क्याला मिश्रण उणे ३७ सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, ३० टक्क्याला उणे १५-१६ लाच बर्फ धरायला लागतो. तुम्ही शिकागोत आहात, तिथे जानेवारी २०१९ मधे पारा उणे ३० पर्यंत गेला होता. पाणी गोठताना फुगतं, बिडाचा ब्लॉक त्याच्यापुढे टिकत नाही.

धुतल्यानंतर भरताना तयार मिसळलेलं घ्यायचंच नाही. शुद्ध कॉन्सन्ट्रेट घ्यायचं आणि एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे तुमच्या गाडीत तीन लिटर, ते आधी ओतायचं. मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. आत राहिलेलं पाणी हिशोबात आपोआप धरलं जातं.

आणि कोणी असं समजू नका की मग शंभर टक्के कूलंटच टाकलं तर आणखी चांगलं. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपास गोठतं, पाणी घातल्यावरच ते एवढं खाली जातं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी त्याला नाही. इंजिन थंड पाणीच करतं, ग्लायकॉल त्या पाण्याला गोठू आणि उकळू देत नाही, आणि गंजरोधक धातूला सांभाळतात. या तिघांतले गंजरोधकच सगळ्यात आधी संपतात आणि ते संपल्याचं डोळ्यांना दिसत नाही. जुनं ग्लायकॉल हळूहळू आम्ल होत जातं, मग ॲल्युमिनियमचं हेड आणि बिडाचा ब्लॉक एकाच पाण्यात बॅटरीसारखे वागायला लागतात. म्हणून स्वच्छ दिसतंय म्हणून राहू दे असं करू नये.

रिफ्रॅक्टोमीटर घ्या एक, मिश्रण किती अंशाला गोठेल ते दाखवतो, वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. एक थेंब पुरतो.

—

तिसरागिअर

बुधवार रात्रीचा अपडेट. पाना काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. रॅम्प शेजाऱ्यांकडून आणले. सुरुवातीची वीस मिनिटं नुसते अधूनमधून बुडबुडे, मग ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) तापमान ८७ दाखवलं आणि फनेलमधलं पाणी डोळ्यादेखत घटाघटा खाली गेलं, पाठोपाठ एवढा मोठा बुडबुडा आला की हातावर उडालं. दोनदा पंखा लागला, ९७-९८ ला लागतो आणि तीन-चार अंशांनी खाली आला की बंद. एकूण ८०० मिलीला थोडं कमी आत गेलं. आता हीटर जागेवर उभ्या गाडीत चटका देतोय, खळखळ पूर्ण बंद, बारीक बुडबुडे नाहीत, ऑईल कॅप स्वच्छ. काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

रसायनशाळा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. रिफ्रॅक्टोमीटर आज आला. काचेवर थेंब टाकून खिडकीकडे धरला, निळी रेघ उणे १५ वर. तुमचा हिशोब तंतोतंत. मी हे न वाचता गाडी गॅरेजमधे हिवाळाभर झाकून ठेवली असती, आणि आमचं गॅरेज गरम नाही. परत काढून भरतो शनिवारी.

—

माऊची_मावशी

तिसरागिअर, एक विचारायचं राहिलं, ते काढलेलं पाणी तुम्ही कुठे ठेवलंय? बादली उघडी तर नाही ना?

मी ठाण्याला असते, आमच्या सोसायटीत एकाने पार्किंगमधे गाडीचं कूलंट काढलं आणि गटाराकडे लोटून दिलं, थोडं खड्ड्यात साचून राहिलं. कूलंट चवीला गोड असतं. आमच्या बिल्डिंगखालची एक मांजर, सगळ्यांची लाडकी, दोन दिवस झिंगल्यासारखी चालत होती, आम्हाला वाटलं ऊन लागलं. डॉक्टरांकडे नेलं तोवर तिची मूत्रपिंडं गेलेली होती. त्यांनी सांगितलं की पहिल्या काही तासात आणलं असतं तर इलाज असतो, नंतर नाही. हिरवं पाणी बघितलं की अजून मला तीच दिसते. कुत्र्यांनाही तसंच होतं, आणि लहान मुलांनाही. काही कंपन्या आता कडू पदार्थ घालतात पण त्यावर भरवसा ठेवू नका. झाकणाचा डबा, वर नाव लिहून, आणि फरशीवर सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा.

—

तिसरागिअर

मावशी, वाचून वाईट वाटलं. बादली उघडीच होती, आत्ता उठून दुधाच्या रिकाम्या गॅलनमधे भरून, झाकण घट्ट लावून, मार्करने विष असं लिहून वरच्या फळीवर ठेवलं. आमच्या काउंटीचं घातक कचरा घेणारं केंद्र शनिवारी उघडं असतं, तिथे देतो. फरशी पण धुतली.

—

श्टुटगार्टकर

मावशींना +१. इकडे वेर्टस्टॉफहोफला, म्हणजे कचरा गोळा करणाऱ्या केंद्राला, नेऊन द्यावं लागतं. पुण्या-मुंबईत चांगल्या गॅरेजवाल्याला विचारलं तर जुन्या ऑईलबरोबर ते घेतात, गटारात मात्र कोणीही सोडू नका.

—

घाटमाथा

चांगला धागा. मी पुण्यात असतो, माझ्याकडे स्पोर्ट्स कार वगैरे नाही, साधी हॅचबॅक आहे टर्बोवाली, पण ताम्हिणी-वरंधा जोरात चालवतो. दोन प्रश्न. आपल्याकडे बर्फ पडत नाही तर नुसतं पाणी का नको? आणि ट्रॅकवर गेलो तर कूलंट चालतं का? एका मित्राला काढायला लावलं होतं.

—

कोल्हापुरी_पाना

घाटमाथा, नुसतं पाणी पूर्वी चालायचं कारण रेडिएटर पितळ-तांब्याचे होते. क्षार बसले की काढून रॉडिंग करायचं, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून साफ करायचं, गळला की टाका मारायचा, परत दहा वर्षं. आता ॲल्युमिनियमच्या कोअरला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात, त्याला ना रॉडिंग ना टाका. त्यात बोअरचं पाणी घातलं तर वर्षा-दोन वर्षांत आतून चुना मारल्यासारखं होतं. आणि कूलंट उकळायचा बिंदू पण वर नेतं, कॅपच्या प्रेशरसकट १२० च्या पुढे. टर्बोवाल्याला घाटात तेच लागतं. निळीशाईच्या बाबांची पद्मिनी शिंग्रोबापाशी थांबायची ती याचसाठी, नुसतं पाणी, थकलेली कॅप, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे चढ, आणि वारा नाही. कॅप बदला दर चार-पाच वर्षांनी, स्वस्तातला भाग आहे पण प्रेशर तोच धरतो.

—

श्टुटगार्टकर

ट्रॅकचं सांगतो. बऱ्याच ट्रॅकवर आणि रेसिंगच्या नियमांत ग्लायकॉलला बंदी असते कारण सांडलं तर डांबरावर साबणासारखं निसरडं होतं आणि लवकर सुकत नाही, मागच्या मोटरसायकलवाल्याचा जीव जातो. तिथे डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक ॲडिटिव्ह चालवतात. पण हंगाम संपला की आठवणीने परत काढायचं.

—

रात्रपाळी

तिसरागिअर भाऊ, मी ओहायोत असतो, माझ्याकडे पण मियाटा होती, २००२ ची. एकच विचारतो. शनिवारी परत काढणारच आहात तर त्याआधी रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी बघा, जिथे मोठा पाईप लागतो ती. काळी आहे का तपकिरी?

—

तिसरागिअर

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. तपकिरी आहे, थोडी हिरवट झाक, मला वाटायचं की मूळ रंगच तो आहे. का?

—

रात्रपाळी

मूळ रंग काळा. उष्णतेने प्लास्टिक वर्षानुवर्षं भाजत गेलं की तसं होतं, आणि तसं झालेलं प्लास्टिक कधीही फुटतं. माझं टोलीडोच्या अलीकडे हायवेवर फुटलं, टाकीला लांब उभी चीर, पाच मिनिटांत सगळं कूलंट रस्त्यावर. काटा तेव्हाही मधोमधच होता. मी फक्त समोर वाफ दिसली म्हणून थांबलो. मी दोन महिने आधीच कूलंट बदललं होतं आणि त्या टाकीला हात लावून कॅप उघडली होती, कोणी सांगितलंच नव्हतं. नवीन कूलंट जुन्या टाकीत घालू नका. शनिवारच्या आत रेडिएटर मागवा.

—

कोल्हापुरी_पाना

रात्रपाळी बरोबर सांगतायत. मला पण हे विचारायला हवं होतं. होजपाईप पण वरचा-खालचा दोन्ही टाका, आणि थर्मोस्टॅट. सगळं उघडलेलंच आहे.

—

तिसरागिअर

शेवटचा अपडेट, जरा लांब आहे.

रेडिएटर शुक्रवारी आला, सव्वाशे डॉलर, दोन होजपाईप, थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि नवीन कॅप वेगळी. शनिवारी सकाळी सातला लागलो. काढलं, परत साडेतीन लिटर. दोन पंख्यांचे कनेक्टर सोडवले, वरच्या दोन पट्ट्यांचे बोल्ट काढले. मग वरचा होजपाईप. क्लिप सरकवली, पाईप जरा फिरवला, निघेना, अजून थोडा फिरवला तर कडकन आवाज आला आणि टाकीच्या तोंडाचा निम्मा भाग पाईपमधेच राहिला. जोर लावला नव्हता मी. पाईपमधला तुकडा बाहेर काढून बोटांनी दाबला तर बिस्किटासारखा चुरा झाला. तो चुरा तळहातावर घेऊन मी तिथेच फरशीवर बसलो थोडा वेळ. याच बुधवारी या तोंडाला जोडलेला पाईप मी तासभर दाबत सोडत होतो, आणि त्याआधी सोमवारी हायवेला न्यायची का म्हणून विचारत होतो.

जुना थर्मोस्टॅट काढला तर त्याच्या स्प्रिंगवर तोच तपकिरी थर. हाऊसिंगची जागा प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू घासून साफ केली, ॲल्युमिनियमला ओरखडा नको म्हणून. नवीन बसवताना हवा जाण्याचं बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवलं. नवीन रेडिएटर खालच्या रबरांवर बसवला, जुन्यावरचे पंखे त्याला लावले, पाईप घट्ट केले.

भरण्याआधी रसायनशाळांचा हिशोब कागदावर परत मांडला, कारण यावेळी आत ३० टक्केवालं अडीच लिटर शिल्लक होतं, म्हणजे त्यात ग्लायकॉल पाऊण लिटर. पाहिजे तीन लिटर. म्हणून सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट आणि सव्वा लिटर डिस्टिल्ड वॉटर. मोजून दोन बरण्यांत भरून घेतलं आणि आधी कॉन्सन्ट्रेट, मग पाणी. रॅम्पवर नाक वर, फनेल, हीटर फुल, पाईप दाबत राहिलो. मुलगी शेजारी स्टूल टाकून बसली होती, प्रत्येक मोठ्या बुडबुड्याला मोजत होती, चौदा झाले. यावेळी बरण्यांमधे काही उरलं नाही, शेवटचा घोटभर सुद्धा आत गेला.

आज सकाळी गार इंजिनवर कॅप उघडली, तोंडापर्यंत भरलेलं. रिझर्व्ह बाटली खुणेवर. रिफ्रॅक्टोमीटर उणे ३६. मग दोघं फॉक्स नदीच्या कडेच्या रस्त्याने तासभर फिरून आलो, बाहेर चार अंश होतं तरी टप उघडा ठेवला आणि हीटर पायावर. ओबीडीवर ८८-८९, हललं नाही. घरी येऊन खाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला होता, आत्ता तीन तासांनी बघितला, कोरडा आहे.

रात्रपाळी, टाकीचा तो तुकडा मी ठेवलाय. इथल्या मियाटा ग्रुपची पुढची भेट आहे तेव्हा नेतो, प्रत्येकाला बॉनेट उघडून रंग बघायला लावतो.

—

रात्रपाळी

नक्की न्या. आणि पुठ्ठा आठवडाभर तिथेच राहू द्या, नवीन पाईपच्या क्लिपा दोन-चारदा गरम-गार झाल्या की बसतात, एकदा परत तपासा.

—

कोल्हापुरी_पाना

आठ दिवसांनी गार इंजिनवर पातळी परत बघा, घोटभर कमी झाली तर घाबरू नका, राहिलेली हवा असते ती. मुलीला सांगा, चौदा बुडबुडे मोजले ते वहीत लिहून ठेव, पुढच्या वेळी तिला विचारूनच सुरुवात करा.

—

निळीशाई

बाबांना हा धागा वाचून दाखवला. ऐंशी वर्षांचे आहेत. म्हणाले पद्मिनीची कॅप त्यांनी कधीच बदलली नव्हती.